ताण बेताचा, वेळ पुरेसा
यिन योगाच्या साप्ताहिक क्लासला जाणाऱ्यांसाठी

योगासने शिकताना आपल्या डोक्यात एक हिशेब पक्का बसलेला असतो. पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला टेकले तर आसन जमले, नाही टेकले तर सराव कमी पडतोय. यिन योगाच्या क्लासला जाताना हा हिशेब घरी ठेवून जा. इथे आसनात जेवढे जाता येते त्याच्या अलीकडेच थांबायचे असते आणि थांबल्यावर तीन ते पाच मिनिटे तिथेच राहायचे असते. हे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात नवख्या माणसाला सर्वांत अवघड जाते ते हेच, कारण मेहनत दिसली नाही तर काही केल्यासारखेच वाटत नाही.

पुण्या-मुंबईतल्या अनेक योग स्टुडिओंच्या वेळापत्रकात आता आठवड्यातून एक यिन क्लास असतो, बहुधा संध्याकाळी किंवा रविवारी. दिवसभर खुर्चीत बसणारे, पळणारे, जिममध्ये वजने उचलणारे आणि साठी ओलांडलेले, सगळेच त्यात शेजारी-शेजारी मॅट टाकतात. त्या एका क्लासमधून खरे काही पदरात पडावे आणि इजा होऊ नये, यासाठी हा लेख.

हा प्रकार कुठला?

नाव चिनी विचारातले, आसने बरीचशी आपल्या ओळखीची आणि आजचे रूप अमेरिकेत घडलेले. मार्शल आर्ट आणि ताओवादी योग शिकवणारे पॉली झिंक यांच्याकडे पॉल ग्रिली १९८० च्या दशकाच्या अखेरीस शिकले. ग्रिलींना शरीररचनाशास्त्राची ओढ होती. त्यांनी झिंक यांच्या पद्धतीतला जमिनीवर बसून-झोपून करायचा, दीर्घ थांबण्याचा भाग वेगळा काढून शिकवायला सुरुवात केली. जपानी अभ्यासक हिरोशी मोतोयामा यांच्या शरीरातल्या ऊर्जावाहिन्यांबद्दलच्या विचारांचाही त्यांच्यावर प्रभाव पडला. पुढे सारा पॉवर्स यांनी त्याला बौद्ध ध्यानपरंपरेची जोड दिली आणि यिन योग हे नाव रूढ केले.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातले बोल्स्टर, ब्लॉक आणि पट्टे नवे नाहीत. बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात बसून साधनांच्या आधाराने आसने करण्याची पद्धत जगभर पोहोचवली आणि त्यांच्याकडे शिकलेल्या ज्युडिथ लॅसेटर यांनी अमेरिकेत ‘रिस्टोरेटिव्ह’ योग लोकप्रिय केला. रिस्टोरेटिव्ह आणि यिन यांत मात्र गल्लत करू नका. रिस्टोरेटिव्हमध्ये शरीराला इतका आधार देतात की ताण जवळपास उरतच नाही. उद्देश निव्वळ विश्रांती. यिनमध्ये सौम्य ताण मुद्दाम ठेवलेला असतो. थकव्याने पार गळून गेला असाल, आजारातून नुकते उठला असाल, तर आधी रिस्टोरेटिव्ह क्लासची चौकशी करा.

थांबल्यावर शरीरात काय होते?

सूर्यनमस्कारांत स्नायू आकुंचन पावतात, सैल होतात, तापतात. यिनमध्ये स्नायू शक्य तितके सैल सोडतात, म्हणजे ताण सांध्याभोवतीच्या लिगामेंटपर्यंत आणि स्नायूंना वेढणाऱ्या फॅशियापर्यंत पोहोचतो. या ऊती कोलॅजेनच्या चिवट तंतूंच्या असतात. झटका दिला तर त्या दाद देत नाहीत, जास्त झटका दिला तर दुखावतात. हलका ताण बराच वेळ राहिला तर मात्र किंचित सैलावतात आणि ताण काढल्यावर हळूहळू मूळ स्थितीला येतात. आसनात मिनिटे मोजण्याचे कारण हे आहे.

लवचीकता वाढते त्याचा मोठा वाटा मात्र मज्जासंस्थेचा असतो. वारंवार, सुरक्षितपणे ताण जाणवेल तिथवर गेल्याने मेंदू त्या ताणाला धोका समजेनासा होतो आणि सांधा थोडा अधिक उघडू देतो. म्हणूनच वेदना सोसत केलेला सराव उलटतो: मेंदूला धोक्याचीच खूण मिळते आणि स्नायू आवळून धरले जातात.

अमुक आसनाने यकृत शुद्ध होते, तमुक आसनाने मूत्रपिंडाची ऊर्जावाहिनी मोकळी होते, असेही या क्लासमध्ये कानावर पडेल. ती एका परंपरेची भाषा आहे. त्या वाहिन्या शरीरविज्ञानाने सिद्ध केलेल्या नाहीत. लक्ष एका जागी आणायला ही भाषा उपयोगी पडत असेल तर जरूर ऐका, पण औषधाचे निर्णय तिच्यावर घेऊ नका. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केले तेव्हापासून योगाचे दावे प्रयोगशाळेत तपासण्याची परंपरा आपल्याकडे आहे. तिचा मान राखून, जे तपासले गेले आहे आणि जे श्रद्धेचे आहे, ते वेगवेगळे ओळखता आले पाहिजे.

क्लास निवडताना

वर्षभराचे पैसे आधी भरू नका. एक क्लास करून पाहा आणि तेवढ्या वेळात या गोष्टी टिपा.

• शिक्षकांनी सुरुवातीला दुखापती, शस्त्रक्रिया, गरोदरपण यांची विचारणा केली का?
• एकाच आसनाचे दोन-तीन पर्याय दाखवले का? की सगळ्यांना एकाच आकारात बसवायचा प्रयत्न होता?
• हात लावण्यापूर्वी परवानगी घेतली का? यिनमध्ये पाठीवर दाब देऊन कोणाला खाली ढकलणे गैर आहे. तसे होत असेल तर तो क्लास सोडून द्या.
• वर्गातली माणसे इतकी होती का, की शिक्षकांची नजर प्रत्येकापर्यंत पोहोचणार नाही?
• बोल्स्टर आणि ब्लॉक प्रत्येकाला पुरत होते का?
• आसनात थोडी शांतता मिळाली, की सतत बोलणे चालू होते?

मधुमेह, थायरॉइड किंवा पाठीचा आजार बरा करण्याची हमी देणाऱ्या ठिकाणी जाऊ नका.

जाण्यापूर्वी

जेवण आणि क्लास यांत दोन-तीन तासांचे अंतर हवे. पोट भरलेले असेल तर पुढे वाकून पाच मिनिटे राहणे शिक्षाच होते. सैल कपडे घाला, सोबत पायमोजे आणि पातळ शाल घ्या. हालचाल नसल्याने शरीर निवते आणि एसी असलेल्या खोलीत थंडीने अंग आखडते. दहा मिनिटे आधी पोहोचा, लघवीला जाऊन या, फोन बंद करून पिशवीत टाका. नुसता सायलेंट ठेवला तर थरथर सगळ्या खोलीला ऐकू जाते. पहिल्या दिवशी शिक्षकांजवळ जाऊन आपला गुडघा, कंबर, रक्तदाब यांबद्दल स्पष्ट सांगा. दोन वाक्ये पुरतात.

क्लासमध्ये

पंचाहत्तर मिनिटांच्या क्लासमध्ये जेमतेम सहा ते आठ आसने होतात. सुरुवातीला काही मिनिटे श्वासाकडे लक्ष, मग आसने, प्रत्येक आसनानंतर मिनिटभर नुसते पडून राहणे आणि शेवटी आठ-दहा मिनिटे शवासन. मधले पडून राहणे गाळू नका. सुटलेल्या ताणाचा परिणाम शरीरात पसरताना तिथेच जाणवतो.

आसनात जाताना तीन गोष्टी क्रमाने करायच्या. पहिली, ताण जाणवायला लागेल तिथे थांबा. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य असे मानले, तर चार-पाचच्या आसपास. तीन मिनिटांनी तोच ताण सहा-सातचा वाटू लागतो, म्हणून सुरुवात कमीवर करायची. दुसरी, त्या जागी स्थिर व्हा. श्वास लांब आणि सहज चालत असेल तर जागा बरोबर आहे. श्वास अडकत असेल, जबडा आवळला असेल, तर दोन बोटे मागे या. तिसरी, वेळ द्या. नवख्यांना दोन-तीन मिनिटे पुरेशी आहेत. बाकीचे पाच मिनिटे राहतात म्हणून तुम्ही राहायला हवे असे नाही. मध्येच शरीराने आपणहून थोडी जागा दिली तर तेवढेच पुढे जा.

बाहेर येताना घाई करू नका. बराच वेळ ताणलेल्या ऊती काही काळ सैल असतात आणि सांध्याचे आपोआप होणारे संरक्षणही त्या काळात मंद असते. हाताने गुडघा उचलून जवळ घ्या, कुशीवर वळा, मग उठा. क्षणभर कंबर किंवा खुबा म्हातारा झाल्यासारखा वाटेल. ते मिनिटभरात ओसरते.

नेहमी येणारी आसने

*फुलपाखरू.* तळवे जुळवायचे, पण बद्धकोणासनासारख्या टाचा जांघेशी ओढायच्या नाहीत, पुढे सोडायच्या. पाठ गोल करून डोके ब्लॉकवर किंवा बोल्स्टरवर टेकवायचे. अय्यंगार पद्धतीत शिकलेल्यांना पाठ सरळ ठेवायची सवय असते. इथे गोल पाठ हा आसनाचाच भाग आहे, कारण ताण पाठीच्या कण्याच्या मागच्या बाजूला पोहोचवायचा असतो. कंबरेच्या गादीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र हे पाठीवर झोपून करावे.

*सुरवंट.* पश्चिमोत्तानासनाची सैल बहीण म्हणता येईल. घडी केलेल्या ब्लँकेटवर बसा, गुडघ्यांखाली बोल्स्टर घ्या आणि पुढे ओघळा. मांडीच्या मागच्या स्नायूंना ओढ जास्त लागली तर गुडघे आणखी वाकवा.

*स्फिंक्स.* पालथे झोपून कोपरांवर छाती उचलायची. दिवसभर पुढे वाकून लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी हे आवर्जून करावे. कंबरेत हलका दाब जाणवणे ठीक. एका ठिकाणी टोचत असेल तर कोपर पुढे सरकवून छाती खाली आणा.

*ड्रॅगन.* एक पाय पुढे, मागचा गुडघा जमिनीवर. बसून-बसून आखडलेला मागच्या मांडीचा आणि जांघेचा पुढचा भाग यात ताणला जातो. गुडघ्याखाली दुहेरी ब्लँकेट आणि हातांखाली ब्लॉक घ्या. हे आसन कठीण आहे. दोन मिनिटे पुष्कळ झाली.

*झोपलेला हंस.* पुढचा पाय दुमडून त्यावर ओणवे व्हायचे. ताण खुब्याच्या बाहेरच्या बाजूला आला पाहिजे, गुडघ्यात मुळीच नको. गुडघ्यात आला तर पाऊल जांघेजवळ घ्या. तरी राहिला तर आसन सोडा, पाठीवर झोपा, एका पायाचा घोटा दुसऱ्या मांडीवर ठेवा आणि ती मांडी छातीकडे घ्या. खुब्याला तोच लाभ मिळतो.

*सॅडल.* सुप्तवीरासनासारखे, गुडघ्यांवर सर्वाधिक भार देणारे. गुडघ्याची तक्रार असलेल्यांनी वगळावे. इतरांनी पाठीखाली बोल्स्टर घेतल्याशिवाय मागे जाऊ नये.

यातले कुठलेही आसन शेजारच्यासारखे दिसायला हवे असे नाही. खुब्याच्या खोबणीची दिशा आणि खोली, मांडीच्या हाडाच्या मानेचा कोन हे प्रत्येकाचे वेगळे असतात. एखाद्याचे गुडघे फुलपाखरात पहिल्याच दिवशी जमिनीला लागतात, दुसऱ्याचे कधीच लागणार नाहीत, कारण तिथे हाड हाडाला भिडलेले असते. ग्रिलींच्या शिकवण्याचा गाभा हाच आहे. ओढ जाणवत असेल तर तिथे वेळ देण्यात अर्थ आहे. सांध्यात काहीतरी अडकल्यासारखे, दाबल्यासारखे वाटत असेल तर पायाची दिशा बदला, जोर लावू नका.

चालणारा ताण, न चालणारे दुखणे

मंद, पसरलेली, कंटाळवाणी ओढ चालते. टोचणे, भाजल्यासारखे होणे, विजेचा झटका, मुंग्या, बधिरपणा आणि सांध्याच्या आत चिमटा बसल्यासारखे दुखणे हे चालत नाही. अशा वेळी शिक्षकांची वाट पाहू नका, ताबडतोब बाहेर या. स्थिर राहण्याचा नियम या लक्षणांना लागू नाही. दुसऱ्या दिवशी सांधा दुखत राहिला तर मागच्या वेळी मात्रा जास्त झाली असे समजा आणि पुढच्या वेळी कमी करा.

मन उठून पळते तेव्हा

पहिल्या मिनिटात बरे वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटात नाक खाजते, उद्याची मीटिंग आठवते, शिक्षक वेळ विसरले की काय अशी शंका येते. ही चुळबुळ सगळ्यांना होते आणि तिच्याशी बसायला शिकणे हा या सरावाचा अर्धा भाग आहे. ताण नेमका कुठे आहे, श्वास घेताना तो बदलतो का, हे बारकाईने पाहत राहा. उच्छ्वास श्वासापेक्षा थोडा लांब ठेवला तर हृदयाची गती मंदावायला मदत होते.

काहींना मध्येच रडू येते. त्याचा अर्थ लावत बसायची गरज नाही. येऊ द्या, जाऊ द्या. भूतकाळातल्या आघातामुळे शांत खोलीत डोळे मिटून पडणे कोणाला भीतीचे वाटत असेल, तर डोळे उघडे ठेवावेत, दाराजवळची जागा घ्यावी, आसने लहान करावीत. शिक्षकांना तसे सांगण्यात कमीपणा नाही.

कोणी जपून करावे

सांधे जात्याच फार सैल असणाऱ्यांना हा प्रकार सहज जमतो आणि तोच धोका असतो. कोपर उलट्या बाजूला वाकत असेल, अंगठा मनगटाला टेकत असेल, तर ताण निम्म्यावर आणा आणि ताकदीच्या व्यायामाला जास्त वेळ द्या. गरोदरपणात लिगामेंट सैल झालेली असतात, म्हणून टोकाला जाऊ नये, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये. हाडे ठिसूळ झालेल्यांनी पाठ गोल करून पुढे वाकणे टाळावे, कारण मणक्याला फ्रॅक्चरचा धोका वाढतो. स्लिप डिस्क आणि सायटिका असणाऱ्यांनीही तीच काळजी घ्यावी. काचबिंदू असणाऱ्यांनी डोके खाली जाणारी आसने वगळावीत. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर किती वाकायचे हे शल्यचिकित्सक आणि फिजिओथेरपिस्टने ठरवायचे. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी शवासनातून उठताना कुशीवर थांबावे, नाहीतर घेरी येते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर शरीराचा इशारा उशिरा पोहोचतो. तिथे ताण आणि वेळ दोन्ही कमी ठेवा.

आठवड्याचे उरलेले दिवस

एका क्लासने जे उघडते ते पुढच्या क्लासपर्यंत बरेचसे मिटते. मधल्या दोन दिवशी घरी वीस मिनिटे द्या: स्फिंक्स तीन मिनिटे, पाठीवर झोपून फुलपाखरू चार मिनिटे, पाठीवर झोपून गुडघे एका बाजूला सोडण्याचा पीळ दोन्ही बाजूंना तीन-तीन मिनिटे, मग शवासन. बोल्स्टरऐवजी बैठकीतला लोड, ब्लॉकऐवजी पाट किंवा जाड पुस्तके, पट्ट्याऐवजी ओढणी चालते. मोबाइलवर मंद आवाजाचा टायमर लावा, म्हणजे घड्याळाकडे पाहावे लागणार नाही. सॅडल आणि ड्रॅगन सुरुवातीचे काही महिने क्लाससाठीच ठेवा.

वेळेचाही विचार करा. झोपून उठल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून अर्धा-पाऊण तास खोल पुढे वाकू नका. मिनिटापेक्षा जास्त वेळ ताणलेल्या स्नायूची ताकद काही वेळापुरती थोडी घटते, तेव्हा शर्यतीच्या किंवा जड वजने उचलण्याच्या आधी यिन नको. गडावर जाऊन आल्यावर पाय ठणकत असतील तर त्या दिवशी विश्रांती घ्या, दुसऱ्या दिवशी हलके करा.

यिन योग पुरेसा व्यायाम नाही, हेही स्वतःला स्पष्ट सांगा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सुचवते. भरभर चालणे, पोहणे, सूर्यनमस्कार, वजने यांची जागा यिन घेत नाही. पन्नाशीनंतरच्या बायकांनी तर हे विसरूच नये, कारण हाडांना बळकट राहायला भार लागतो आणि यिन तो देत नाही.

दोन महिने नियमित जा आणि मग स्वतःला तीन प्रश्न विचारा. जमिनीवरून उठणे, मांडी घालून जेवायला बसणे सोपे झाले का? क्लासच्या रात्री झोप बरी लागते का? ताण वाढण्याआधीच थांबणे आता जमते का? तिन्हींची उत्तरे नाही अशी आली तर शिक्षकांशी बोला, लागल्यास वर्ग बदला. पहिल्या दोन्हींचे उत्तर नाही आणि तिसऱ्याचे हो असले, तरी चालू ठेवा. शरीराचे ऐकून वेळेत थांबणे ज्याला जमले, त्याला वाढत्या वयातही हा सराव इजा न होता करता येतो आणि बाकीचे फायदे त्यामागून येतात.